एका ‘नकल’ शाखेची हकीकत

आमच्या घरीं एक जुनी वंशावळ आहे. जाड देशी कागदाचे तीन तुकडे खळीनें एकमेकांस चिकटवून केलेली ती गुंडाळी. वडील दर दसऱ्याला पोथ्यांबरोबर ती पूजेंत ठेवीत आणि पूजा आटोपली कीं पुन्हां पेटींत टाकीत. अक्षर मोडी, शाई अजून काळीभोर. मथळ्यावर माहूरच्या रेणुकेचें नांव, त्याखालीं मूळ पुरुष, आणि त्याच्यापासून रेघांनीं जोडीत खालीं उतरवलेलीं वाटोळीं घरें. आमच्या पणजोबांच्या पिढीस अशीं तीन घरें आहेत. पहिलें पणजोबांचें. दुसऱ्या घराखालीं कांहीं नाहीं, कारण ते गृहस्थ तरुणपणींच संन्यास घेऊन निघून गेले. तिसऱ्या घराखालीं एक आडवी रेघ ओढून एकच शब्द लिहिला आहे: ‘नकल’.

आजच्या तरुण वाचकांस नकल म्हटलें म्हणजे प्रत किंवा वेडावणें एवढेंच सुचेल. वंशावळींच्या जुन्या भाषेंत या शब्दाचा अर्थ वंश खुंटला, पुढें कोणी उरलें नाहीं, असा आहे. तो शब्द आम्हीं लहानपणापासून पाहिला होता, आणि त्याविषयीं कधीं कोणास विचारावें असें आम्हांस वाटलें नाहीं. कागदावर आहे तें खरें, अशी आमच्या पिढीची समजूत.

आमचा पुतण्या तसा नाहीं. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. दोन वर्षांपूर्वीं सुटींत आला असतां त्यानें ती गुंडाळी उलगडली, मोबाइलवर तिचीं छायाचित्रें घेतलीं, एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून तीं वाचवून घेतलीं आणि सगळीं नांवें इंटरनेटवरील एका वंशवृक्षाच्या स्थळावर चढविलीं. आम्ही मनांत म्हटलें, पोराचा छंद आहे, चार दिवसांनीं ओसरेल. चार महिन्यांनीं लातूरहून एक संदेश आला. लिहिणाऱ्या बाई सेवानिवृत्त शिक्षिका. त्यांनीं लिहिलें होतें कीं, आपल्या आजोबांच्या वडिलांचें व आजोबांचें नांव, गांव आणि गोत्र, हीं सर्व आमच्या वृक्षांतील तिसऱ्या घराशीं जुळतात. तेव्हां त्याच्यावरचें आणखी एक नांव कळविलें तर उपकार होतील.

पुतण्या आनंदानें नाचूं लागला. आमच्या मनांत पहिला विचार आला तो सातबाऱ्याचा. हें लिहितांना लाज वाटते, पण जें झालें तें झालें. शंभर वर्षें ज्या घराखालीं ‘नकल’ लिहिलें आहे, त्या घरांतून कोणी बोलूं लागलें म्हणजे त्याला कांहीं तरी हवें असणार, असेंच आम्हीं धरून चाललों.

*

वंशावळींचा नाद हा आपल्या लोकांना नवा नाहीं. कोंकणस्थ मंडळींनीं तर विसाव्या शतकांत कुलवृत्तांतांची एक परंपराच उभी केली. एकेका आडनांवाचे जाडजूड ग्रंथ छापले, घरोघर पत्रें पाठवून माहिती मागविली, संमेलनें भरविलीं. त्यांची एक सोय होती: गोत्रें चौदा, आडनांवें मोजकीं, आणि मूळ गांव बहुधा कोंकणपट्टींतलेंच. आम्हां देशस्थांचा पसारा निराळा. आमच्यांत कुलकर्णी म्हणजे कोण, हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. तें आडनांव नव्हे, तें कामाचें नांव. देशपांडे, जोशी, आणि मराठवाड्यांतले पटवारी हे तसेच. दर गांवाचा कुलकर्णी वेगळा, त्याचें गोत्र वेगळें आणि त्याची शाखाहि वेगळी.

आणि ज्यांचें आडनांव गांवावरून पडलें, त्यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गांवाच्या नांवाला ‘कर’ लागतो तो गांव सोडल्यावर. गांवांत राहणाऱ्याला गांवकरी त्या नांवानें कशाला हांक मारतील? आमचें गांव नांदेड जिल्ह्याच्या कंधार तालुक्यांत आहे. तेथें आम्ही कुलकर्णी. आमच्या गांवाच्या नांवाचे ‘कर’ त्या गांवांत एकहि घर नाहींत आणि कधीं नव्हते. लातूरच्या बाईंचें माहेरचें आडनांव मात्र तेंच. पुतण्यानें हें आमच्या लक्षांत आणून दिलें, तेव्हां सातबाऱ्याची शंका थोडी मागें सरली.

दूर गेलेल्या शाखा परत जुळविणें हें मराठवाड्याला तर जुनेंच काम आहे. पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकांत काशीस गेले. त्यांचा मुलगा नारायण भट्ट, नातू शंकर भट्ट. ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकर भट्ट आणि १६७४ सालीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळांतले. त्यांतील शंकर भट्टांनीं आपल्या घराण्याची हकीकत संस्कृतांत लिहून ठेवली, ती ‘गाधिवंशानुचरित’ या नांवानें ओळखली जाते. म्हणजे गोदाकांठचें मूळ विसरूं नये म्हणून गंगेच्या कांठीं बसून कुलवृत्तांत लिहिणारा मनुष्य चारशें वर्षांपूर्वीं आपल्यांत होता. काशीच्या शेष पंडितांचें मूळहि परंपरा नांदेडकडेच दाखविते. भट्टोजी दीक्षितांचे गुरु शेषकृष्ण हे त्या कुळांतले. शिष्यानें पुढें गुरूच्याच ग्रंथावर टीका केली आणि जगन्नाथ पंडितांनीं गुरुघराण्याची बाजू घेऊन भट्टोजींवर शस्त्र उपसलें, हा वाद विद्वानांना ठाऊक आहे. व्याकरणाच्या वादांतहि भाऊबंदकीचा सूर निघतोच.

सामान्य घरांना शंकर भट्टांसारखा लेखक लाभला नाहीं. त्यांचा आधार म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरीं जो कोणी गेला, त्याला उपाध्येबुवांनीं आडनांव व गांव विचारून त्याच्या कुळाची वही काढून दाखविली नाहीं, असें क्वचितच झालें असेल. आपले पणजोबा कोणत्या सालीं आले, बरोबर कोण होतें, मुलगे किती, हें त्यांच्याच हस्ताक्षरांत वाचावयास मिळतें. ज्यानें तो अनुभव घेतला, त्याचे डोळे ओले झाल्याशिवाय राहिले नसतील. उत्तरेकडे हरिद्वारादि क्षेत्रांच्या पंड्यांकडेहि अशाच वह्या आहेत. आश्चर्य हें कीं, या वह्यांपैकीं पुष्कळांचीं छायाचित्रें आज अमेरिकेंतील यूटा संस्थानांतून चालणाऱ्या फॅमिलीसर्च नांवाच्या स्थळावर फुकट पाहतां येतात. त्या संग्रहाच्या नांवांतच ११९४ ते २०१५ अशीं सालें घातलेलीं आहेत. हें काम करणारी संस्था तेथील मॉर्मन पंथाची. तिची स्थापना १८९४ सालची आणि फिल्मवर कागद उतरविण्याचा तिचा उद्योग १९३८ पासूनचा. मृत पूर्वजांनाहि आपल्या पंथाचा संस्कार देतां यावा, ही त्यांची धर्मकल्पना या उद्योगाच्या मुळाशीं आहे. आपणांस ती कल्पना पटो वा न पटो, कागद जपले गेले हें खरें.

दुसरीं स्थळें व्यापारी आहेत. जेनी हें २००७ सालीं सुरू झालें आणि २०१२ सालीं तें इस्राएलमधील मायहेरिटेज कंपनीनें विकत घेतलें. त्यांत सारें जग मिळून एकच झाड वाढवावें अशी कल्पना आहे. तुम्ही आपली फांदी लावा, आम्ही आपली. कोठें तरी दोन फांद्या भेटतील. जिवंत माणसांचीं नांवें परक्यांना दिसूं नयेत, अशी सोय या स्थळांवर असते, आणि ती प्रत्येकानें वापरावी असें आम्ही आग्रहानें सांगूं. आईचें माहेरचें नांव आणि जन्मतारीख हीं पूर्वीं लग्नाच्या बैठकींत सांगण्याचीं गोष्ट होती. आतां बँकेंतले पैसे त्यांच्या पहाऱ्यांत असतात.

*

फांद्या भेटतात, पण सहज भेटत नाहींत. पहिली अडचण इंग्रजी अक्षरांची. आमच्या गांवाचें नांव पुतण्यानें एका तऱ्हेनें लिहिलें होतें, लातूरच्या बाईंनीं दुसऱ्या तऱ्हेनें, आणि निजामाच्या वेळच्या नकाशांत तें तिसऱ्याच तऱ्हेनें आहे. यंत्राला हीं तीन गांवें वाटलीं. बाईंनीं शेवटीं कंटाळून नुसता तालुका आणि गोत्र टाकून शोध घेतला, तेव्हां आमचें झाड दिसलें.

दुसरी अडचण सरहद्दींची. आजचा लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं जन्मला. त्यापूर्वीं तो उस्मानाबादचा, म्हणजे हल्लींच्या धाराशिवचा भाग. त्याच्याहि आधीं, १९५६ पर्यंत, उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यांत मोडत. उलट नांदेडचा मुधोळ तालुका त्याच सालीं तेलंगणाच्या बाजूस गेला. म्हणून उदगीरच्या माणसानें पणजोबांचा माग लातुरांत काढावयास जावें, तर तेथें कांहीं नसतें. आणि मुधोळच्या मराठी घरांना आपले जुने सोयरे नांदेडांत सांपडतात. गांव जागचें हललें नाहीं, कागद मात्र तीन राज्यांत हिंडले.

तिसरी अडचण आपलीच. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. नारायणाचा गोविंद, गोविंदाचा नारायण, पुन्हां त्याचा गोविंद. एका गोविंद नारायणाचें लग्न दुसऱ्याच गोविंद नारायणाच्या बायकोशीं लावून ठेवलेले वृक्ष आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. त्यांत कोणी दत्तक गेला कीं बापाचें नांवच बदलतें. म्हणून नुसतीं दोन नांवें जुळलीं एवढ्यावर आम्हीं विश्वास ठेवला नाहीं, आणि बाईंना तसें स्पष्ट कळविलें. त्यांचें उत्तर आलें, “विश्वास ठेवूंच नका. मी तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. काय पुरावा पाहिजे तें सांगा.”

त्या उत्तरानें आम्ही निम्मे जिंकले गेलों.

पुरावा म्हणून त्यांनीं आजोबांचें टिपण पाठविलें. त्याची कथा अशी कीं, त्यांच्या आजोबांचा जन्म आईच्या माहेरीं, औसा तालुक्यांतल्या एका खेड्यांत झाला आणि ते तेथेंच मामांच्या घरीं वाढले. तें घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत बसलें. अनंत चतुर्दशीचे गणपति आदल्या दिवशीं विसर्जन झाले होते. त्या भागांतलीं घरें मातींत रचलेल्या दगडी भिंतींचीं, वर मातीचें जड माळवद. सारा भार झोपलेल्या माणसांवर आला आणि हजारों माणसें एका क्षणांत गेलीं. सुदैवानें मामांचें घर त्या वेळीं रिकामें होतें. पुढें ढिगारा उपसतांना एक पत्र्याची ट्रंक निघाली. तींत भांडीं नव्हतीं, दागिने नव्हते. चार खरेदीखतें होतीं आणि एक टिपण. त्यावर शके १८२२, वैशाख, अशी नोंद.

आमच्या वंशावळीच्या पाठीवर उर्दूंत एक शेरा आहे. त्याकडे आम्हीं आजवर शिक्क्याचा डाग म्हणूनच पाहिलें होतें. नांदेडच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांनीं तो वाचून दिला. पटवारगिरीच्या वारशाच्या कामीं ही वंशावळ दाखल केली, तारीख बहमन, १३१० फसली.

आतां थोडें गणित. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, म्हणजे १८२२ चा वैशाख हा १९०० सालचा एप्रिल-मे. फसलींत ५९० मिळवावयाचे. परंतु निजामी राज्याचें फसली वर्ष ऑक्टोबरांत आजुर महिन्यानें सुरू होई, आजुर, दय, बहमन या क्रमानें. म्हणजे १३१० चा बहमन हा १९०० च्या वर्षअखेरचा. दोन कागद, दोन पंचांगें. आजवर कोणी तीं शेजारीं ठेवून पाहिलीं नव्हतीं. आमच्या पणजोबांनीं धाकट्या भावाच्या घराखालीं ‘नकल’ लिहून ती वंशावळ सरकारांत दाखल केली, तेव्हां त्या भावाचा मुलगा सात-आठ महिन्यांचा होता.

बाजू मांडावयाचीच तर मांडतां येते. १८९९-१९०० हें मोठ्या दुष्काळाचें साल. त्याच सालांत धाकटे बंधु पटकीनें गेले. पत्नी गरोदरपणीं माहेरीं गेली ती परत आली नाहीं. कंधारहून औशाकडे निरोप जावयास माणूस नसेल, गाडीला बैल नसतील. पण सात महिने? मुलगा झाल्याची बातमी एवढी मंद चालत नाहीं. आम्हीं पुष्कळ रात्रीं याचा विचार केला. पणजोबांनीं चार मुलें आणि एक आंधळी आई दुष्काळांतून जगविली, हें आमच्या घरांत अभिमानानें सांगितलें जातें आणि तें खरें आहे. वांटणी टळली म्हणून जमीन टिकली, जमीन टिकली म्हणून मुलें जगलीं, आणि आम्ही आज येथें बसून लिहीत आहों. हेंहि खरें आहे.

*

ही सगळी हकीकत घेऊन आम्ही आमच्या आत्याकडे गेलों. वय ब्याण्णव, नांदेडांतच असते, ऐकूं कमी येतें पण जुनें सारें लख्ख आठवतें. आम्हीं मोठ्यानें सांगितलें, “आत्या, औशाकडचे आपले भाऊबंद सांपडले.”

आत्या बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “ते येऊन गेलेत एकदा. मलाच पान उचलायला लावलं होतं.”

तिनें सांगितलें तें असें. १९४८ च्या उन्हाळ्यांत रझाकारांच्या भयानें आमचें घर सरहद्दीपलीकडे उमरखेडास जाऊन राहिलें होतें. पोलिस ॲक्शन झाली, सप्टेंबरांत हैदराबाद पडलें, आणि मंडळी गांवीं परतली. पुढच्या वर्षीं एके दिवशीं सकाळीं पन्नाशीचे एक गृहस्थ वाड्याच्या ओट्यावर येऊन बसले. धोतर, काळी टोपी, हातांत पिशवी. आत्या तेव्हां सोळा-सतरा वर्षांची. आजीनें तिला एक पान जास्त मांड म्हणून सांगितलें. आजोबा त्या गृहस्थांशीं बैठकींत दार लोटून बोलले. थोड्या वेळानें आजोबा स्वैंपाकघराच्या दाराशीं येऊन म्हणाले, “पान उचल.” गृहस्थ तांब्याभर पाणी पिऊन निघून गेले. ते कोण, असें आत्यानें विचारलें तेव्हां आजी एवढेंच म्हणाली, “औशाकडचे. आपल्या नांवाचे.” आत्या म्हणाली, “लिंबाचं लोणचं वाढून झालं होतं रे. ते सुद्धा काढलं.”

हें आम्हीं लातूरच्या बाईंना कळवावें कीं नाहीं, असा प्रश्न पडला. पुतण्या म्हणाला, खरें तें सांगावें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, फोनवर सांगूं नये, समोर बसून सांगावें. त्यांचेंच आम्हीं ऐकलें, आणि आम्ही उभयतां लातुरास गेलों. बाईंचें वय पंचाहत्तर, आमच्याहून मोठ्या. दारांतच त्यांनीं “या दादा” म्हटलें आणि आम्हीं त्यांना “ताई” म्हणून नमस्कार केला, तेव्हां कोणी कोणास काय म्हणावें याचा निकाल लागला.

आम्हीं ओट्याची, पानाची गोष्ट सांगितली. आम्हांस वाटलें होतें कीं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, “आजोबा तिकडे गेले होते हें आम्हांला ठाऊक आहे. जमिनीसाठीं नव्हते गेले. त्यांना गयेला जायचं होतं.”

वाचकांपैकीं ज्यांनीं श्राद्ध केलें आहे त्यांना हें उलगडून सांगावयास नको. पिता, पितामह, प्रपितामह अशीं तीन नांवें उच्चारावीं लागतात. ज्याचा बाप जन्मापूर्वींच गेला, त्याला बापाचें नांव आईनें सांगितलें, आजोबांचें नांव आईनें सांगितलें. पण सासऱ्याच्या वडिलांचें नांव त्या मुलीला ठाऊक नव्हतें. दोन वर्षेंच तर ती सासरीं नांदली. नांव ठाऊक नसल्यास शास्त्रांत तोड आहे, तशी तोड काढून त्यांनीं जन्मभर श्राद्धें केलीं. गयेस जातांना मात्र त्यांना तें नांव पाहिजे होतें. उपाध्याय कोण हें माहीत नाहीं म्हणून नाशिकच्या वहीचा मार्ग बंद. तेव्हां ते जेथें तें नांव नक्की मिळेल त्या दाराशीं गेले. दार लोटून आजोबांनीं त्यांना काय विचारलें आणि त्यांनीं काय उत्तर दिलें, हें आतां कोणी सांगूं शकत नाहीं. ताईंच्या वडिलांनीं एवढेंच ऐकलें होतें कीं, “तुमचा आमचा कागदावर संबंध नाहीं” असें उत्तर मिळालें.

आणि पंचाहत्तर वर्षांनीं त्यांच्या नातीनें तेंच एक नांव मागितलें, तेव्हां आमच्याहि मनांत सातबाराच आला होता. जमीन तर केव्हांच कुळकायद्यांत गेली. जें वांचविण्यासाठीं तें सगळें झालें, त्यांतलें आमच्याकडे आज परसाएवढेंहि उरलें नाहीं.

*

लातूर सोडण्यापूर्वीं ताईंच्या धाकट्या भावाशीं फोनवर बोलणें झालें. ते हैदराबादेस असतात. त्यांचा पहिला प्रश्न, “म्हणजे आतां आपलें सुतक किती?” आम्ही दोघेहि हंसलों, पण प्रश्न पोरकट नाहीं. सपिंड कोणास म्हणावें याचा निर्णय ज्या ग्रंथानें हिंदुस्थानच्या मोठ्या भागाला घालून दिला, ती विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आमच्या शेजारींच लिहिली गेली. निलंग्याकडून सरहद्द ओलांडली कीं बसवकल्याण. तेंच चालुक्यांचें कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत, नऊशें वर्षांपूर्वीं, विज्ञानेश्वरानें पिंड शब्दाचा अर्थ भाताचा गोळा असा न घेतां शरीर असा घेतला: एका पूर्वजाच्या शरीराचे अंश ज्यांच्यांत उतरले ते सपिंड, बापाकडून सात पिढ्या, आईकडून पांच. हल्लीं लाळेची नळी परदेशीं पाठवून जे लोक चुलत भावंडें शोधतात, ते यापेक्षां निराळें काय म्हणतात? मोजून पाहिलें तर आम्ही आणि ताईंचे बंधु मूळ जोडापासून पांचव्या ठिकाणीं येतों. म्हणजे पुरतें दहा दिवसांचें. एवढीं वर्षें आम्हीं एकमेकांचें एकहि पाळलें नाहीं. ताई मात्र लग्नानें परगोत्रीं गेल्या, त्या सुटल्या. यावर ताई म्हणाल्या, “सुतकांतून सुटलें, वंशावळींतूनहि सुटलें. शोध मात्र मीच लावायचा.”

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमच्या त्या गुंडाळींत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. ज्या बाईनें पोटांतलें मूल घेऊन दुष्काळांत बैलगाडीनें माहेर गांठलें आणि सासरच्या दोन पिढ्यांचीं नांवें मुलाला पाठ करून दिलीं, तिचें नांव आमच्या घरांत कोणास माहीत नव्हतें. तें ताईंनीं सांगितलें. पुतण्यानें तें आतां वृक्षांत घातलें आहे. मुलींचीं घरें निघालीं तशी आमच्या झाडाची आकृतिच बदलली. निम्मीं नातीं तिकडूनच जुळतात. २००५ पासून कायद्यानें मुलींना जन्मतःच समान वांटा दिला आहे, त्यामुळें निदान तलाठ्याकडच्या वंशावळींत तरी त्या येऊं लागल्या आहेत.

आणि वंशावळ हा आज मराठवाड्यांत कांहीं हौसेचा विषय राहिलेला नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठीं नेमली गेली, आणि गांवोगांव लोक पणज्याचें नांव शोधीत तहसिलींत येऊं लागले. मोडी आणि उर्दू वाचणारे म्हातारे एकाएकीं मोलाचे झाले. एका शब्दावर मुलांचें शिक्षण आणि नोकरी लटकलेली आहे अशा माणसाला आमच्या ‘नकल’ शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. तो शब्द लिहिणाऱ्याचा हात कोणाचा होता आणि त्याला काय राखावयाचें होतें, हें तो आमच्याआधीं विचारील.

परत आल्यावर पुतण्यानें मूळ कागदावरचा ‘नकल’ शब्द खोडावा काय, असें विचारलें. आम्हीं नको म्हटलें. तो पणजोबांच्या हातचा आहे, तसाच राहूं द्यावा. त्याखालीं मोकळी जागा पुष्कळ होती. तेथें आम्हीं बाळबोधींत एक रेघ ओढून मुलाचें नांव घातलें, त्याचा शक घातला, आणि आईचेंहि नांव घातलें. शाई वेगळी दिसते.

राहिलें तें मागितलेलें नांव. तें आम्हीं लातुरांत पोंचल्याबरोबर ताईंच्या हातांत कागदावर लिहून दिलें होतें. त्यांनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें, देवापुढें ठेवलें, आणि मग बोटांवर पिढ्या मोजूं लागल्या. भाऊ आतां श्राद्ध करतो तें वडिलांचें, आजोबांचें आणि पणजोबांचें. मागितलेलें नांव त्याच्याहि वरचें दोन. त्यांच्या घरांत तें आतां कोणत्याच संकल्पांत उच्चारावें लागत नाहीं.

“म्हणजे फक्त आजोबांनाच लागत होतं,” असें म्हणून त्यांनीं चष्मा काढला.

दिवाळीनंतर त्या कंधारला येणार आहेत. वाडा पडला हें आम्हीं त्यांना सांगितलें आहे. ओटा आहे का, एवढें त्यांनीं विचारलें. ओटा आहे. आत्यानें त्या दिवशीं आपल्याला गांवीं न्यावें म्हणून आतांपासून घोषा लावला आहे, आणि पान आपण स्वतः वाढणार असें ती सांगते.